कादरभाईंची कमाई

आधी कबूल करून टाकते. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, दोन पोरींची आई असताना, मी ऑफिसातलं एक जाडजूड रजिस्टर पिशवीत घालून, वर पालकाच्या जुड्या रचून घरी पळवून आणलं होतं आणि ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवलं होतं. वाचणाऱ्यांना वाटेल, बाई मोठी धाडसाची. धाडस कसलं! वाटेत एक कुत्रं भुंकलं तर मला वाटलं, ह्यालाही कळलं. आजची मी त्या बाईला भेटले असते तर पदराला धरून म्हटलं असतं, बाई गं, चोरी करायची तर निदान कोरडी भाजी तरी घे, पालकाच्या पाण्यानं मार्च महिन्याची पानं ओली झाली की!

ही गोष्ट तीस वर्षं पोटात ठेवली. ती ठाऊक असलेला एकच माणूस जगात होता आणि त्यानं ती कुणाला सांगितली नाही, असं मी धरून चालले होते. तो माणूस, आमच्या वीज ऑफिसातले लेखापाल कादरभाई, दीड महिन्यापूर्वी गेले. निरोपाचा फोन आला तेव्हा मी नातीच्या वेण्या घालत होते. एक झाली होती, दुसरी व्हायची होती... पोरगी तशीच एका वेणीवर शाळेत गेली आणि संध्याकाळी येऊन मलाच रागावली.

हिंगोली जिल्हा व्हायला तेव्हा अजून पाच-सहा वर्षं होती. मोठं काम निघालं की परभणी गाठावी लागायची. आमच्या गावाचं नाव सांगत नाही, तालुक्याचं गाव होतं एवढं पुरे. माझे मालक तिथंच लाइनमन होते. ते तापानं गेले आणि त्यांच्या जागी मला कारकून म्हणून घेतलं. दहावी पास होते, अक्षर बरं होतं. अट अशी की एक वर्ष काम बघायचं, नीट केलं तर कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे सासूबाई, दोन पोरी आणि मी, चौघींच्या मधोमध ती एक नोकरी. कादरभाई रोज सकाळी दारातूनच “जयभीम, सुमनबाई” म्हणायचे, पायात कुरकुरणाऱ्या चपला, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनाला सगळं ऑफिस भ्यायचं. मी तर त्या खिशाकडं बघून नमस्कार करायची.

माझं वर्ष एप्रिलच्या मध्यात संपायचं होतं, आणि त्याआधी आला मार्चअखेर. कादरभाई नेमके लेकीच्या लग्नासाठी सुट्टीवर. साहेब सारखे टेबलापाशी येऊन विचारत, “बाई, महसूल किती झाला?” मी रजिस्टर उघडून बसले तर महसुलाचा रकाना कसा उपाशी दिसायचा, आणि शेजारच्या पानावर अनामतीची रक्कम मात्र चांगली जेवून-खाऊन बसलेली. त्या महिन्यात शेतपंपाच्या नव्या कनेक्शनसाठी अर्जांची रीघ लागली होती आणि प्रत्येकानं कनेक्शनच्या आधी अनामत भरली होती. मला वाटलं, पैसे तेच, पेटी तीच, ऑफिस तेच, मग एवढा दुजाभाव कशाला? सगळी अनामत मी उचलली आणि महसुलात घातली. चार दिवसांनी परभणीहून फोन आला, तुमचा उपविभाग पहिला! साहेबांनी मला खुर्ची दिली. मी पेढे वाटले. घरी जाऊन सासूबाईंना म्हटलं, “आत्याबाई, ऑफिस आता मीच चालवून राहिले.”

सासूबाईंनी वर बघितलं. “मग आपल्या घरातला बलब काहून लुकलुकते?”

कादरभाई परतले. लग्नाचे लाडू सगळ्यांना दिले, हात पुसले आणि रजिस्टर उघडलं. लाल पेन काढलंच नाही. महसुलाच्या बेरजेवर बोट ठेवून म्हणाले, “बाई, हे पैसे कुणाचे?”

“आपले.”

“आपले कसे?”

“आपल्या पेटीत हायेत म्हणून आपले.”

“मग बँकेतला शिपाई सगळ्यात लखपती व्हायला पाहिजे.” हसले नाहीत. “अनामत म्हणजे लोकांनी आपल्याकडं ठेवायला दिलेली चीज. त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर अजून तार न्हाई गेली, बाई. एक थेंब पाणी आपण त्याला उपसून दिलं न्हाई. अन् आपण म्हणून राहिलो, आमी कमावलं?”

माझ्या डोक्यात एकच, पंधरा तारखेला कायम करायचा आदेश निघणार होता.

त्या दिवशी ऑफिस सुटताना ते मला गच्चीवर घेऊन गेले. हे वर्णन कसं करू... एप्रिलची संध्याकाळ, दिवसभर तापलेला स्लॅब चपलेतून पोळत होता. गावात वीज नव्हती. समोर छपरं, टिनं, मशिदीचा मिनार, बुद्धविहाराचं पांढरं टोक, सगळं एकाच मातकट रंगात विरघळत चाललेलं. कुठंतरी बाया चुली फुंकत होत्या, धूर उभा राहायचा आणि विसरल्यासारखा पसरायचा. मग सबस्टेशनकडून तो ओळखीचा घुमारा आला आणि गाव उजळायला लागलं. एकदम नाही. आधी बसस्टँड, मग बाजारगल्ली, मग लांबवर औंढ्याच्या रस्त्याला एकेक... जसं कुणी झोपेतून कुशीवर वळावं तसं.

“बघा,” कादरभाई म्हणाले, “ही आपली कमाई. आत्ता व्हऊन राहिली, ह्या मिनिटाला. बिल जाईल पुढच्या महिन्यात, पैसे येतील त्याच्या पुढं, एखाद्याचे येणार बी न्हाईत. पण कमाई व्हायची ती झाली. उजेड पडला, झाली कमाई. आपण रीडिंग घेतलं वीस तारखेला. वीसपासून मार्च संपेपर्यंत लोकांनी जी वीज जाळली, तिचं बिल निघालं न्हाई म्हणून तुमी ती धरलीच न्हाई. जे आपलं न्हवतं ते घेतलं, अन् जे आपलं होतं ते सोडलं.”

मला वाटलं, हा माणूस शायर झाला की काय. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “अन् ते तारेवर आकडा टाकून घेतात, त्यांच्या घरचा उजेड?”

आता मात्र ते हसले. “उजेड तो बी खराच हाय. पण त्यांचं-आपलं काही बोलणंच झालेलं न्हाई ना. त्यांनी मागितली न्हाई, आपण देतो म्हणलं न्हाई. करार न्हाई, तर कमाई कशाची? ती नुस्ती गेलेली वीज.” मग जिना उतरताना, पाठ माझ्याकडं असताना, “हिशेब आठ दिवसांनी बंद व्हतील. सही तुमची हाय. दुरुस्तीचं पत्र बी तुमीच लिवा, अन् परभणीला तुमीच न्या.”

साहेबांना कळलं तर ते म्हणाले, “कादरभाई, पुढच्या महिन्यात जुळवून घ्या की, कुठं बोंब मारता?” कादरभाई एवढंच म्हणाले, “साहेब, बाई काय ते ठरवतील.”

बाईंनी काय ठरवलं, ते वर सांगितलंच आहे. पालक.

माझं शहाणपण असं होतं की रजिस्टरच नसलं तर दुरुस्ती कशात करणार? पंधरा तारीख उलटू दे, आदेश हातात पडू दे, मग कपाटाच्या मागे ‘सापडलं’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शोधाशोध झाली. कादरभाईंनी कपाट उघडलं, रिकाम्या कप्प्यातून बोट फिरवलं, बंद केलं. साहेबांना म्हणाले, “माझ्याकडूनच कुठं इकडं-तिकडं झालं असल. बघतो.” आणि संध्याकाळी सायकल घेऊन आमच्या दारात हजर. मी आत चुलीपाशी. ते ओट्यावर बसले, सासूबाईंशी पावसापाण्याचं बोलले, मालकांची आठवण काढली, की खांबावर चढून शीळ घालणारा लाइनमन मी दुसरा पाहिला न्हाई. चहा प्याले आणि गेले. रजिस्टरचा शब्द नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. पुन्हा चहा, पुन्हा पाऊसपाणी. सासूबाई कुरकुरल्या, “ह्यांच्या घरची साखर सरली का?” त्यांचं तरी काय चुकलं, त्या रोज त्या कणगीतूनच ज्वारी काढत होत्या आणि मी रोज धावत जाऊन म्हणत होते, “तुमी बसा, मी काढते.” त्या म्हणाल्या, “सूनबाई, तुला एवढी माया कवापासून आली?”

तिसरा दिवस रविवार. दुपारी डोळा लागला आणि मी पाहिलं, अंगणात माणसं बसलीत. धोतरं, टोप्या, कुणाच्या खांद्यावर लेकरू. कुणी भांडत नाही, कुणी बोलत नाही, प्रत्येकाच्या हातात अनामतीची पावती आणि सगळे नुसते वर बघताहेत, जिथं तार यायची होती तिकडं. तिथं आभाळ होतं, बाकी काही नाही. त्यांच्यात मालकही बसले होते. मी म्हटलं, तुमी काहून रांगेत? तर ते हसले आणि जागा थोडी सरकवून देऊन परत वर बघायला लागले... उठले तेव्हा ओट्यावर कादरभाई चहा पीत होते आणि माझ्या थोरलीला विचारत होते, “काय शिकतीस, बेटा?”

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. रजिस्टर झटकलं तरी शिवणीतून ज्वारीचे दाणे पडत होते. कादरभाई आले, “जयभीम, सुमनबाई,” म्हणाले, टेबलावरचे दोन दाणे उचलून खिडकीत ठेवले आणि कोरा कागद माझ्याकडं सरकवला. पत्र मी लिहिलं, चार वेळा खोडून. जीपनं, मग बसनं परभणीला गेले, मोठ्या साहेबांसमोर उभी राहिले आणि तोंडानं सांगितलं की चूक माझी. रजिस्टर घरी नेल्याचं मात्र सांगितलं नाही, तेवढी खरी मी नव्हते. मोठे साहेब ओरडले नाहीत. माझ्या अटीची मुदत आणखी एका वर्षानं वाढवली.

ते वर्ष मी कादरभाईंना पाण्यात पाहिलं. त्यांनी आणलेला शिरखुर्मा “उपास हाय” म्हणून परत केला. उपास कसला, मी बौद्धाची बाई, जन्मात चतुर्थी धरली नाही! त्यांनी डबा झाकला. “बराबर हाय, उपास मोडू न्हाई.” मला वाटायचं, ह्या माणसाला माणसं दिसतच नाहीत, नुसते रकाने दिसतात. साहेब जुळवून घ्या म्हणत होते ना? ह्यानंच मला परभणीला उभं केलं. घरात जेव्हा जेव्हा पैशाची तकलीफ व्हायची, मी मनात त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

पुढं कायम झाले. मग राग कसा आणि कधी विरला, तारीख सांगता येत नाही. ते निवृत्त झाले. ऑफिसात कॉम्प्युटर आले, बिलं यंत्रातून निघायला लागली. नव्या पोरींना मी मार्चअखेरीला शिकवायची, अनामतीला हात लावायचा नाही, आणि न निघालेलं बिल सोडायचं नाही. त्या विचारायच्या, कसं लक्षात ठेवायचं? मी त्यांना गच्चीवर न्यायची. भारनियमनाची वर्षं ती, वीज येण्याची वाट बघत उभं राहायला वेळच वेळ होता.

कादरभाई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, त्यांच्या चाळिसाव्याला, मी त्यांच्या घरी गेले. जेवणं उरकली, बाया पांगल्या, तेव्हा त्यांच्या बायको, रजियाभाभी, मला कादरभाईंच्या खोलीत घेऊन गेल्या. खाट, पाण्याचा तांब्या, भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं बारीक आकडे, वीज किती वाजता गेली, किती वाजता आली. निवृत्तीनंतरचा चाळा. एका तारखेपाशी त्यांचं अक्षर थांबलं होतं, आणि त्यापुढं उर्दू आकड्यांत, वाकड्यातिकड्या हातानं, कुणीतरी रोजची नोंद चालूच ठेवली होती. मी भाभींकडं बघितलं. त्या दुसरीकडं बघू लागल्या.

मला काय झालं कोण जाणे. तिथं खाटेच्या कडेला बसून मी त्यांना सगळं सांगितलं, पालकापासून. म्हटलं, “भाभी, मी त्यांना लई बोलले मनात. एक वर्ष बोलले.”

भाभींनी माझा हात धरला.

“मला ठावं हाय की ते रजिस्टरचं. तीन दिवस यांच्या पोटात घास न्हवता. रोज यायचे अन् म्हणायचे, आज बी न्हाई आणलं. मी म्हणलं, साहेबाला सांगून मोकळं व्हा, तुमच्या गळ्याशी येऊन राहिलं. तर काय म्हणाले माहीत हाय का, बाई? म्हणाले, मी सांगितलं तर ती चोरी व्हईल, रजिया, बाईची नोकरी जाईल. तिनं आपल्या हातानं आणलं तर नुस्ती चूक राहील. पिऊ दे मला चार दिवस चहा.”