हातात पेन न धरणाऱ्या बाई

तर काल कुठं थांबलो होतो? हां, त्या बाईंच्या टेबलावर पेनच नव्हतं! कॉलेजातलं लेखन केंद्र, दारावर तसा बोर्ड, पोरं वह्या न् लॅपटॉप घेऊन रांगेत, आणि मार्गदर्शन करणाऱ्या बाईंचे दोन्ही हात आपले मांडीवर. मला तिथंच शंका आली.

मी गेलो होतो माझ्या नातीसाठी, पायलसाठी. आमचं गाव महापालिकेत गेलं, त्यावर तिनं दहा पानांचा प्रकल्प लिहिला होता. सरांनी तो परत केला, वर शेरा मारून : ‘ही भाषा तुझी वाटत नाही. कोणी लिहून दिलं? सोमवारी खुलासा कर, नाहीतर शून्य.’ पायल आठवड्यातून दोनदा त्या केंद्रात जायची. मग लिहून देणारं कोण, हे सातवी शिकलेल्या मलासुद्धा कळलं. बाई लिहून मोकळ्या, पोरगी अडकली!

बाईंचं नाव तनुजा रणपिसे. रणपिसे म्हटल्यावर डोक्यात घंटी वाजली. मार्केट यार्डात सुखदेव रणपिसे नावाचे हमाल होते. माझ्या कांद्याच्या पिशव्या त्यांनी तीस वर्षं उचलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच यार्ड गाठलं. सुखदेवांनी काम सोडलंय, पण चहाला अजून तिथंच येतात. तनुजा त्यांचीच मुलगी निघाली.

“तुमची पोरगी दुसऱ्याचं लिहून देती का हो?” मी सरळच विचारलं.

“देत होती की,” सुखदेव म्हणाले. “आठवीत होती तवा.”

म्हटलं, सापडली!

तर झालं होतं असं, की यार्डातले हमाल तिच्याकडून गावाकडं पत्रं लिहून घ्यायचे. बीडकडच्या एकानं एकदा सांगितलं, “लिही, मी बरा हाय, शेळी विकू नको.” तनुजाला हे फारच कोरडं वाटलं. तिनं शाळेच्या पुस्तकातल्यासारखी पदरची एक ओळ घातली, ‘तुझ्या आठवणीने मन व्याकूळ होते.’ आठव्या दिवशी त्या हमालाची बायको दोन लेकरं घेऊन एसटीनं थेट गाळ्यावर हजर. “हे माझ्या माणसाचं बोलणं न्हाई! हितं कोण ठेवलीय ती दाखवा आधी!”

तिची समजूत घालायला सगळ्या हमालांना पंधरा दिवस लागले. तेव्हापासून तनुजा दुसऱ्याच्या लिहिण्यात स्वतःचा शब्द घालत नाही, असं सुखदेव म्हणाले. म्हणाले खरे, पण बाप पोरीची बाजू घेणारच. माझं मन काही मानेना.

शनिवारी पायलबरोबर पुन्हा गेलो आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो.

“आजोबा, आपण बसा,” बाई म्हणाल्या. “फक्त बोलू नका.”

पायल मोठ्यानं वाचायला लागली. बाई मध्येच थांबवायच्या, “म्हणजे काय?” किंवा “हे पाहिलंस की ऐकलंस?” बास, एवढंच. पेन नाही, काही नाही. वाचता वाचता पायल विहिरीवर आली : ‘विहीर बुजवली आणि गावातल्या बायांचं भांडायचं ठिकाण गेलं. तेव्हापासून भांडणं घरात आली.’

“हे वाक्य कोणाचं?”

पायल पुढचं पान उलटायला लागली.

“पायल, सरांना इथंच शंका आली असणार. मलाही आहे.”

“माझं हाय!” मी उठलोच. “चावडीवर शंभरदा सांगितलंय! कुणालाही विचारा!”

काय सांगू, माझं बोलणं छापल्यासारखं वाचलं जात होतं! बाई मात्र हसल्या नाहीत. “अजून किती?” त्यांनी पायलला विचारलं. शोधता शोधता सात वाक्यं निघाली. सात!

“जिथं आजोबांचं आहे तिथं त्यांचं नाव घाल.”

“मॅम, स्वतःच्याच आजोबांचं नाव? ऑकवर्ड वाटतं.”

“दुसऱ्याच्या आजोबांचं घातलं असतंस ना? मग.”

“अहो बाई, घरातलंच तर हाय,” मी म्हटलं. “तुम्ही सरांना चिठ्ठी द्या, बाकीचं पोरीचंच हाय म्हणून.”

“मी कोणाला काही लिहून देत नाही. आणि बाकीचं तिचं आहे की नाही, ते सरांनी तिलाच विचारावं.”

रविवारी पायलनं सात ठिकाणी माझं नाव घालून लिहिलं, ‘आप्पासाहेब सांगतात’. सोमवारी सरांनी तिला तासभर उलटसुलट विचारलं. टँकरच्या रांगेतल्या बावीस बायकांशी ती स्वतः बोलली होती. कोण काय म्हणाली, कोणत्या शब्दात म्हणाली, सगळं तिनं धडाधड सांगितलं. सरांनी प्रकल्प ठेवून घेतला.

मग मी वांगी आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन केंद्रात गेलो. बाईंनी जुडी घेतली, वांगी परत दिली. जाता जाता मी विचारलं, “बाई, खरं सांगा, आमच्या पायलवर तुमचाही संशय होता ना?”

बाई म्हणाल्या, “तिच्यावर थोडा होता, तुमच्यावर जास्त. आपण घरात इतकं बोलता, आजोबा, की त्या मुलीला स्वतःचं काही सुचायला वेळ कधी मिळतो, हेच मला कळत नव्हतं.”