ट्रायपॉड आणि निऱ्या

माझ्याकडे कॅमेरा आला तेव्हा फोटो वाईट यायचे. मग मी महागाची लेन्स घेतली. फोटो वाईटच येत राहिले, फक्त जास्त स्पष्ट. बायको म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. मी चिडायचो, कारण ती खरं बोलायची.

यंदा मात्र फोटो चांगला येणं भागच होतं. दर भाद्रपदात या हिंदी शहरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि त्यासाठी अमरावतीची आत्या माहेरी येते. आल्या आल्या ती आईनं महालक्ष्म्यांना नेसवलेल्या साड्यांच्या निऱ्या मोडून पुन्हा घालते. त्यावरून दोघींचं भांडण होतं, आणि मग दोघी मिळून पुरण वाटतात. यंदा कमरेच्या दुखण्यानं आत्या पहिल्यांदाच येणार नव्हती. महालक्ष्म्यांचे चेहरे नीट दिसले पाहिजेत, असं तिनं मला फोनवर बजावलं होतं. गेल्या वर्षी मी फ्लॅश मारला होता आणि पितळी मुखवट्यांच्या जागी दोन पांढरे गोळे आले होते.

बूढापाऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी आणखी भारी लेन्स मागितली. दुकानदारानं तो गोळ्यांचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "भैया, लेन्स रहने दीजिए, ट्रायपॉड ले जाइए." तीन पायांचा तो स्टँड माझ्या हातात देऊन त्यानं समजावलं, की फ्लॅश बंद करा, समयांच्या उजेडातच फोटो घ्या, शटर सेकंदभर उघडं राहू द्या, आणि बटण दाबतानाही कॅमेरा हलतो म्हणून टायमर लावा. महाग वस्तू सोडून स्वस्त वस्तू विकणारा दुकानदार पाहून मला जरा संशयच आला.

महालक्ष्म्या बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीला मी ट्रायपॉड उभा केला आणि मोठ्यानं सांगितलं, आता सेकंदभर कोणी हलायचं नाही. पण अर्ध्यावर आलेली आरती कोण थांबवणार? टाळ्या, घंटा, तबक, सगळं सुरूच. एकट्या आईनं टाळ्या थांबवल्या, पदर सारखा केला आणि श्वास रोखून उभी राहिली. कॅमेरा दिसला की ती अशीच ताठ होते, आणि त्यावरून मी तिला आयुष्यभर बोलत आलो आहे.

फोटोत घरचे सगळे धुरासारखे आले. बायकोला तर ओळखणंच मुश्कील. पण महालक्ष्म्यांचे मुखवटे लख्ख, डोळ्यांतलं काजळसुद्धा दिसत होतं, साडीची निरी न् निरी मोजून घ्यावी अशी, आणि शेजारी आई, जणू तिसरी महालक्ष्मी. मला इतका आनंद झाला की मी तो फोटो आत्याला तीनदा पाठवला.

तिचा लगेच फोन आला. आवाज बारीक होता. "महालक्ष्म्या मस्त दिसून राहिल्या रे," ती म्हणाली. "वहिनीचा चेहरा तेवढा मोठा करून पाठव मले."

फोन ठेवला तर आई समोर उभी. "निऱ्यांचं काय म्हणे ते?"

मी खुशीत सांगितलं की काहीच नाही, साडीबद्दल एक अक्षरही नाही.

आईनं माझ्या हातातून फोन घेऊन फोटो पुन्हा पाहिला. "एवढा साफ फोटो, अन् तिनं खोट नाही काढली?" तिचे डोळे भरून आले होते. माझी खुशी तिथंच उतरली.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या महालक्ष्म्या उठल्या की अमरावतीचं तिकीट काढ," ती म्हणाली. "महालक्ष्मीची हीच साडी मी तिच्यापुढं नेसीन. पाहू, कशी गप्प राहते ते."