मधले अकरा मिलीमीटर

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला सगळे चुळबुळ म्हणतात. त्याची बायकोसुद्धा पाठीमागे तेच म्हणते. हे तिने मला अगदी विश्वासाने सांगितलंय, म्हणजे आता तुम्हालाही कळायला हरकत नाही.

हा माणूस चहा उभ्याने पितो, जेवताना पाय हलवतो आणि दाढी करताना दोनदा रस्त्यावर डोकावतो. एकदा अर्ध्या दाढीनिशीच गिऱ्हाइकाची गाडी सोडवायला गेला. हात मात्र सोन्याचा. खोकणारं इंजिन लांबून ऐकून दुखणं सांगेल. फक्त थांबायला सांगू नका.

थोरल्या बहिणीपुढे तेवढा तो नरम असतो. ताई आपल्या जुन्या गाडीतून सहा मुलांना शाळेत नेते-आणते, पंधरा वर्षं झाली. त्या गाडीच्या इंजिनाने परवा मान टाकली. शाळेच्या बाईंनी साफ सांगितलं, "सोमवारी सकाळी सातला गाडी फाटकात आणा. मी स्वतः बसून बघणार. नाहीतर मुलं दुसऱ्या गाडीत." ताईने मान डोलावली आणि थेट भावाच्या गॅरेजात येऊन उभी राहिली. "तुझ्या भरवशावर हो म्हणून आलेय," एवढंच म्हणाली.

चुळबुळने भंगारातून दुसऱ्याच गाडीचं इंजिन पैदा केलं. गिअरबॉक्स जुनाच. आता इंजिन एका घरचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा, म्हणजे मधल्या क्लचचे हाल. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड फिरतं चाक, आणि त्यावरची प्रेशर प्लेट नव्या इंजिनाकडची. त्या दोन्हींच्या मधे दबते ती क्लच प्लेट घेराने इंजिनाला बसायला हवी, पण तिच्या मधल्या भोकातल्या खाचा गिअरबॉक्सच्या दांड्याला जुळायला हव्यात. आणि पेडल दाबलं की पुढे सरकणारं रिलीज बेअरिंग बसणार गिअरबॉक्सकडे, दाबणार प्रेशर प्लेटच्या मधली स्प्रिंगची बोटं, तेव्हा क्लच सुटणार. माहेर एकीकडे, चाकरी दुसरीकडे.

आता ताईच्या नवऱ्याबद्दल. दाजींचं खरादाचं, म्हणजे यंत्रावर लोखंड कातून द्यायचं, दुकान गॅरेजला लागूनच. माणूस असा संथ की त्यांनी जांभई सुरू केल्यावर तुम्ही बाजार करून यावं, शेवट सापडतो. शुक्रवारी ते दारात येऊन म्हणाले, "मेव्हणे, मापं मी घेऊ का?"

"तुम्ही खराद बघा, दाजी. तुमचं माप होईपर्यंत मुलं कॉलेजात जातील!"

दाजी हसले आणि गेले. ताई हसली नाही.

योग्य खाचांची प्लेट दुकानातून यायला दोन तास होते. दोन तास! चुळबुळला दोन मिनिटं म्हणजे तुरुंग. त्याने पाच वेळा हात धुतले, गॅरेजच्या दारातल्या माझ्या नेहमीच्या बाकावर बसला, उठला, माझं वर्तमानपत्र उलटं वाचलं. मग म्हणाला, "तोवर अंतर तरी बघून टाकतो." आणि मधे क्लच प्लेट नसतानाच प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर आवळली, बोटांपर्यंतचं माप घेतलं. बेअरिंग बरोब्बर पोचत होतं. शीळ घालत सगळं मोकळं केलं. प्लेट आली तशी मधे घालून बसवली, गिअरबॉक्स वर चढवला. पुन्हा मोजलं? छे.

शनिवारी दुपारी ताई गाडीत बसली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि चुळबुळने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते त्यानेच जन्माला घातलंय. ताईने क्लच दाबला, गिअर टाकला. कर्रर्र! पुन्हा दाबला, पार तळापर्यंत. पुन्हा कर्रर्र.

"अरे, पाय नुसता हवेत जातोय," ताई म्हणाली.

चुळबुळचा चेहरा उतरला. त्याने पेडल बघितलं, केबल ताणली, गाडीखाली शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. शेवटी खालूनच आवाज आला, "दाजींना बोलव."

दाजी आले. त्यांनी एकच विचारलं, "माप घेताना मधे प्लेट होती?"

गाडीखाली पाना खणकन पडला. "नव्हती," चुळबुळ खालूनच म्हणाला.

"प्लेट मधे दबली की ती बोटं आत झुकतात, मेव्हणे. तुमचं बेअरिंग जिथे त्यांना शोधतंय, तिथे ती आता नाहीत."

गिअरबॉक्स पुन्हा खाली. दाजींनी अट घातली, "तीन वेळा मोजायचं. तिन्ही आकडे सारखे आले तर खराद लावीन. आणि दर दोन मापांच्या मधे स्टुलावर बसायचं."

"का?"

"मला बघायचंय, बसता येतं का."

आता प्लेट मधे ठेवूनच बेअरिंग आणि बोटांमधलं अंतर मोजलं, पहिलं माप अकरा मिलीमीटर. चुळबुळ स्टुलावर बसला. गुडघा असा हलत होता की शेल्फावरचे नट वाजायला लागले. दुसरं माप साडेदहा.

"घाई," दाजी म्हणाले. "पहिल्यापासून."

"दाजी, सोमवार उजाडेल!"

मग ताई पुढे झाली. भावाच्या शेजारी डबा उलटा ठेवून बसली आणि त्याच्या हलत्या गुडघ्यावर हात ठेवला, शाळेच्या गाडीत भांडणाऱ्या पोरावर ठेवते तसा. "मी माझी सहा पोरं रोज गप्प बसवते," म्हणाली, "तू सातवा." गुडघा थांबला. शपथेवर सांगतो, थांबला!

अकरा. अकरा. अकरा.

दोन मिलीमीटरची मोकळीक सोडून दाजींनी बेअरिंगच्या मागे घालायला नऊ मिलीमीटरची कडी कातून दिली. रविवारी दुपारी ताईने क्लच दाबला आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. ताईने डोळे पुसले. चुळबुळ लगेच दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला पळाला. तिथे काहीही बिघडलेलं नव्हतं.

सोमवारी सातला गाडी फाटकात. बाई दार उघडून बसायला गेल्या, तर मागच्या सीटपुढच्या जागेत एक माणूस पान्यांची पिशवी पोटाशी धरून, कान गाडीच्या तळाला लावून पडलेला.

"हे कोण?"

"माझा भाऊ," ताई शांतपणे म्हणाली. "आवाज ऐकतोय."

"येतोय का काही?"

"नाही ना!" तो खालूनच ओरडला. "काल दुपारपासून काहीच येत नाहीये!"

बाई हसू दाबत पुढच्या सीटवर बसल्या. "आधी त्यांना उतरवा," म्हणाल्या. "एक फेरी मला घेऊन, मग मुलांना आणायला निघा."