नवशे इसा

टोकावड्याच्या वरच्या पाड्यावर मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा तिथे मोजणी विसांची, वीस म्हणजे एक इसा. अंडी दोन इसा, भाताचे पेंढे दहा इसा, त्याच्या वर गेलं की ‘लय’. मला या गोष्टीचा भारी राग. म्हटलं, या पोरांना परार्धापर्यंत नेतो की नाही बघाच.

धाऊ तेव्हा चौथीत, साल एक्क्याण्णव. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध, एका दमात म्हणायचा. म्हशाच्या जत्रेत मी त्याला बाकड्यावर उभा केला. माणसं थांबून ऐकत होती आणि छाती माझी फुगत होती. तेव्हापासून पाड्यावर कसलाही कागद आला की धाऊकडे. ‘त्याला परार्ध येतो,’ म्हणायचे.

दोन हजार आठच्या भादव्यात त्याची सहा वर्षांची पोर रोशनी तापाने फणफणली. धाऊ आणि त्याची आई बुधी तिला घेऊन मुरबाडला गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासा आणि चिठ्ठी घेऊन संध्याकाळी या. दुपारी चिठ्ठी मिळाली. प्लेटलेट १८,०००, एवढंच लिहिलेलं. तोवर ताप उतरला होता, पोर पेज मागत होती आणि पाड्याकडची शेवटची एसटी पाचची.

“रक्तात किती हाय रं तिच्या?” बुधीने विचारलं.

“अठरा हजार, आये.”

“म्हंजे किती इसा?”

धाऊने मनातल्या मनात भागाकार केला. चुकला नाही, विद्यार्थी माझाच. “नवशे इसा.”

बुधीने हात जोडले. नवशे इसा तिने जन्मात कशाचे पाहिले नव्हते. डॉक्टरांकडे न जाता तिघं एसटीत बसली.

धडधाकट माणसाच्या रक्तात निदान दीड लाख असतात. सकाळी रोशनीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती टोकावड्यापर्यंतही पोचली नाही.

दहाव्याला मी गेलो. धाऊ भांडला नाही. म्हणाला, “गुर्जी, परार्ध शिकवलात. पन कशाला किती पुरं, ते कंदी नाय सांगितलं.” मला लाज वाटली, अजून वाटते. नुसतं घोकून घेतलं मी, डोंबलाचं गणित.

धाऊने घराच्या भिंतीवर कोळशाने आकडा लिहिला, १,५०,०००. कुणाला ताप आला की चिठ्ठी तिथे धरतो, बोटाने आकड्याचं एकेक घर मोजतो. एक जरी घर कमी पडलं तर उभ्या पावली माणसाला मुरबाडला धाडतो. पुढच्याच वर्षी पाड्यावरच्या कोंडूची पोर गिरजा अशी वाचली.

बुधीला वाचता येत नाही. भिंतीवर काय लिहिलंय ते तिने विचारलं, तर धाऊ म्हणाला, दवाखान्याचा नंबर हाय. ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “नवशे इसा व्हत्या गो पोरीच्या, तरी देवानं नेली.”

धाऊ ऐकतो आणि गप्प राहतो. मी तिथे असलो तर मीही.