हिरव्या दोऱ्याचं गाठोडं

डॉ. वसुधाबाई केळशीकर पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर माझा विश्वास नाही. पण गौरवग्रंथवाले म्हणतात, तर असतील. मी सांगते आहे, नात लिहिते आहे. चुका तिच्या, खरं ते माझं.

आमची ओळख खडकीजवळच्या सरकारी दवाखान्यात झाली. मी तिथे आया, बाई बदली होऊन नव्याने रुजू झालेल्या. अत्याचार झालेल्या एका मुलीला पोलिसांनी बाकावर आणून बसवलं होतं. वाघोलीची, कॉम्प्युटर कंपनीत साफसफाईला जाणारी. बाईंनी मला विचारलं, "मावशी, हिला पांघरायला दिलं का काही?"

"तसा कागद आला नाही," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. अंगावरची शाल काढून तिला दिली.

तपासणीनंतर कपडे, नमुने बांधून लाखेची मोहोर करायचं काम माझं. वरची नावाची चिठ्ठी मला वाचता येत नसे, म्हणून प्रत्येकीच्या गाठोड्याला मी गोधडीचा दोरा बांधी. रंग वेगळा, गाठी वेगळ्या. या मुलीला हिरवा दोरा, तीन गाठी. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. बाई म्हणाल्या, "असू द्या," आणि नोंदवहीत मोहरेच्या ठशाशेजारी दोरा-गाठीही लिहू लागल्या.

गाठोडं तपासायला सरकारी प्रयोगशाळेत गेलं ते तिथेच राहिलं. अहवाल नाही, म्हणून खटला हलेना. मुलगी दर दोन-तीन महिन्यांनी येऊन विचारी, "बाई, उघडलं का हो?" बाई खोटं बोलत नसत. "नाही गं. मी परत जाते."

आणि जात. अर्ज, सभा, मंत्रालयाचे जिने. मागणी एकच: प्रयोगशाळेला यंत्रं आणि माणसं द्या, त्यासाठी निधी द्या. शहरात तेव्हा रोज नवी काचेची इमारत उठत होती. एक साहेब म्हणाले, "मॅडम, निधी आला की बघू." बाई म्हणाल्या, "फिती कापायला आपल्याकडे कात्री असते. दोरा कापायलाच नसते." पुण्याच्या बाई, आवाज चढत नाही, समोरच्याचा चेहरा उतरतो.

शेवटी प्रयोगशाळेतली गाठोड्यांची खोली बघायला मिळाली. बाईंनी मलाही नेलं. ओलीने चिठ्ठ्या गळून पडलेल्या. कारकून म्हणाले, "कुणाचं कुठलं, आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

"त्यांना नसेल कळत," मी म्हटलं आणि खालच्या फळीवरचं दाखवलं. हिरवा दोरा, तीन गाठी. बाईंनी आणलेल्या नोंदवहीशी मोहोर ताडून पाहिली, जुळली. प्रयोगशाळेचे साहेब घाईघाईने म्हणाले, "हे एक लगेच घेतो."

मला वाटलं, जिंकलो. बाई खुर्चीत बसल्या. "एक नाही, सगळी. बाकीच्या मुलींचं काय? गाठ ओळखणारी मावशी सगळीकडे नसते."

मी मनात म्हटलं, बाई, मिळतंय ते घ्या की! चूक माझी होती. बाई अडून राहिल्या, वर्तमानपत्रांत त्या खोलीचे फोटो आले, निधी मंजूर झाला, गाठोडी एकेक करून उघडली. हिरव्या दोऱ्याचंही. खटला उभा राहिला, शिक्षा झाली.

मुलगी आली. म्हणाली, "बाई, आता विचारायला येणार नाही." बाई म्हणाल्या, "मग चहाला ये."

अजून येते. बाई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. गुडघ्याला तेल लावत जा, हे मी सांगते आणि आपण ऐकत नाही. ती आणि मी, दोघी चहाला येतच राहू. विचारायचं काही नाही, नुसतं बसायचं आहे.