रोसेन्दोआजोबांचा घोट

आमच्या पायसान्दू गावात माते-चहाचं एकच भांडं सगळ्यांच्या हातून फिरतं. एकानं गरम पाणी ओतून द्यायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीनं त्याच नळीनं ओढायचं. मधल्या कुणाला वगळलं तर तो अपमान. पुरे झालं की भांडं परत देताना ‘आभारी आहे’ म्हणायचं. ते म्हणेपर्यंत तुमची पाळी येतच राहते. माझ्या शेजारच्या निल्दाचं शेवटचं सत्र या चहातच बुडालं.

बेकरीत कणीक मळता मळता निल्दानं चाळिशी ओलांडली. मुलगी मार्गी लागल्यावर तिनं सरकारी विद्यापीठात नाव घातलं. बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार हा तिचा विषय. तिचा भाऊ पोटावरून हात फिरवत म्हणायचा, “गिळायला काय शिकवतेस? मला थांबायला शिकव!”

शेवटचं प्रात्यक्षिक इस्पितळात होतं. तिच्याकडे रोसेन्दोआजोबा आले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली होती, आणि पाणी, चहा, सगळं पातळ पोटाऐवजी फुप्फुसात उतरायचं. म्हणून प्रत्येक घोट पावडर घालून घट्ट करून द्यायचा, अशी सक्त ताकीद होती.

एका दुपारी त्यांची मुलगी सुल्मा थर्मास घेऊन आली. “तू ओत गं निल्दा, माझा हात भाजलाय.”

निल्दानं ओतलं. आधी सुल्मा, मग शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला. फुटबॉलवरून दोघांची जुंपली होती, निल्दाही त्यात. बोलता बोलता तिनं भांडं भरलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला दिलं. पुढचे माणूस आजोबा होते.

त्यांनी धडधाकट हातानं घेऊन एक मोठा घोट ओढला. चेहरा लालबुंद झाला, खोकला थांबेना. कसाबसा थांबला, तेव्हा ते अर्ध्या तोंडानं हसत होते.

“डॉक्टर-नर्स कुणी पाहिलं नाही,” सुल्मा कुजबुजली. “जाऊ दे. कधी नव्हे ते हसलेत बाबा.”

निल्दा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. सांगितलं तर सत्र गेलं. नाही सांगितलं आणि ताप चढला, तर डॉक्टरांना कारण कळायचं नाही. ती तशीच तिचं प्रात्यक्षिक तपासणाऱ्या एचेगोयेन मॅडमकडे गेली.

मॅडमनी लगेच छाती तपासून घेतली, आजोबांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मग म्हणाल्या, “सांगितलंस हे चांगलं केलंस. पण मी तुला पास करू शकत नाही.”

“ठाऊक आहे मॅडम.”

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. “विचार तुझ्या देवाला, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?”

“देवाला कशाला? तूच आधी सांगून आलीस ना.”

देव मानणारे इथं थोडेच, म्हणून माझ्या देवावरून सगळेच माझी चेष्टा करतात. मी निल्दा आणि आजोबा, दोघांसाठी दिवा लावला. आजोबांना ताप आला नाही.

पुढच्या सत्रात निल्दा पुन्हा पहिल्यापासून. आजोबा आता घरून तपासणीला यायचे, पण घट्ट पाणी दिसलं की दात मिटून घ्यायचे. एका विद्यार्थ्याच्या अंगावर थुंकलेसुद्धा. निल्दानं मॅडमना विचारलं, “माते-चहाच गाळून, कोमट करून, घट्ट करून दिला तर? चमच्यानं?”

“चमच्यानं माते!” सुल्मा ओरडली. “बाबा घराबाहेर काढतील मला!”

मॅडम म्हणाल्या, “परीक्षेत करून दाखव. मी समोर असेन.”

परीक्षेच्या दिवशी भांडं फिरलं. सुल्मानं घेतलं, मॅडमनी घेतलं. मग निल्दानं चमचा पुढे केला. आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यात झुरळ पडलंय. तरी पाळी त्यांची होती. त्यांनी तोंड उघडलं.

“हनुवटी खाली, आजोबा. आता गिळा.”

निल्दाच्या बोटांखाली गळा वर गेला, खाली आला. खोकला नाही. दुसरा चमचा. तिसरा.

“बास आता, रोसेन्दो,” मॅडम म्हणाल्या. “आभार माना, म्हणजे थांबू.”

तोवर आजोबांना चार शब्द यायला लागले होते, त्यातल्या दोन शिव्या. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले. मग चमच्याकडे वळून पुन्हा तोंड उघडलं.

“भर बाई,” मॅडम म्हणाल्या, “त्यांची पाळी संपलेली नाही.”

दुपारी निल्दा गल्लीत आली ती डोक्यापासून पायापर्यंत अंड्यांनी आणि पिठानं माखलेली. शेवटची परीक्षा पास झालेल्याला इथं असंच घरी पाठवतात. पीठ बेकरीतलंच, भावानं आणलेलं. मी तिला अंगणात नळाखाली उभं केलं.

“मग म्हणाले का गं शेवटी, आभारी आहे?”

“छे!” केसांतली टरफलं काढत ती म्हणाली. “सुल्मा चमचा घरी घेऊन गेलीय.”