पारोसे हात

आमच्या घरातली सकाळ हल्ली फार लवकर आटोपते. बायको सव्वापाचला उठते आणि सहापर्यंत तिची कणीक मळून झालेली असते. याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण काही वर्षांपूर्वी आमची सकाळ एक तास पस्तीस मिनिटांची होती, आणि ती मला आठवते. आठवून बरे वाटते. तो काळ तिच्या दुखण्याचा होता, त्यामुळे असे म्हणणे चांगले दिसत नाही. तरी जे आहे ते आहे.

मी मेहकरच्या बसस्थानकावर गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहितो. अठरा वर्षे हेच काम केले, त्यामुळे घरीही माझी नजर घड्याळाकडे जाते. बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटे मुळाशी सुजली तेव्हा तिने दिवाळीआधी धुतलेल्या गोधड्यांना दोष दिला. महिनाभरात मनगट सुजले, मग डावा हातही. उठल्यावर मूठ मिटत नसे. बोटे लाकडासारखी ताठ. हळूहळू सुटत जायची आणि दुपारपर्यंत ती कामाला लागलेली दिसायची. मी एका वहीत तारीख, उठण्याची वेळ आणि मूठ मिटण्याची वेळ असे तीन रकाने आखले. ती म्हणाली, "मी काय बस हावो का, नोंद घ्याले?"

मूठ मिटेपर्यंत तिला काहीच करता येत नसल्यामुळे सकाळ माझ्याकडे आली. चहा मी करायचो. कपाचा कान तिला धरता येत नसे, म्हणून स्टीलच्या पेल्याला फडके गुंडाळून द्यायचो. तो ती दोन्ही तळव्यांत धरायची. मग वेणी. मुलगी शिकायला बाहेरगावी होती, तेव्हा वेणी घालणारा घरात मीच उरलो. पहिल्या आठवड्यात वेणी मानेमागून निघून कानाखाली यायची.

आरशात बघून ती म्हणायची, "हे वेणी हाय का कासरा?"

"कासराच. पण वेळेत झाला."

"वेळेत होऊन काय करता. बैल पळून जाईन."

मी वेणी घालत असताना ती बोलत राहायची. तिच्या माहेरच्या नदीला उन्हाळ्यात पाणी नसायचे. तिघी बहिणी वाळूत हातभर खड्डा करून बसायच्या, तळाशी पाणी पाझरले की वाटीने घागर भरायच्या. एका घागरीला किती वाट्या, असे मी विचारले. ती म्हणाली, मोजल्या नाहीत, पण धाकटी मधेच पिऊन टाकायची म्हणून जास्तच लागायच्या. बावीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हते. सांगायला तिला सवड नव्हती आणि ऐकायला मला.

डॉक्टर बरेच झाले. पहिल्यांनी अशक्तपणा सांगून कॅल्शियम दिले. चिखलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासले. संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे संधिवात नाही, असे ते म्हणाले. तिसऱ्यांनी विचारले, "ताई, टेन्शन फार घेता का?" ती म्हणाली, "घेत नव्हती. आता घेतो." बाहेर आल्यावर आम्ही दोघेही हसलो.

दवाखान्यात जायचे म्हणजे आमच्याकडे तयारी असते. पारोसे, म्हणजे बिनआंघोळीचे, कुणी डॉक्टरसमोर जात नाही. ती कढत पाण्याने आंघोळ करायची, आणि बराच वेळ हात त्या पाण्यात धरायची. इस्त्रीची साडी, हातभर बांगड्या. बसमध्ये समोरची दांडी धरता यायला हवी, म्हणून चहाबरोबर एक पुडी. बाजाराच्या दिवशी एक औषधवाला बसायचा, त्याच्याकडची. तीन गोळ्यांची ती पुडी घेतली की अर्ध्या तासात हात मोकळे व्हायचे. दवाखान्यात जायचे असेल तरच ती घ्यायची. पुडीचा कागद तिला उलगडता येत नसे. तो मीच उलगडून द्यायचो.

मग दुपारी साडेबाराला ती डॉक्टरांसमोर ताठ बसायची. "माझी बोटे दाबा," असे त्यांनी म्हटले की जोर लावून दाबायची. डॉक्टरांनी सांगितलेले नीट करून दाखवायचे, एवढेच तिच्या मनात. बाहेर येऊन मला विचारायची, "बराबर दाबलं ना?"

अशी अडीच वर्षे गेली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे बाहेरच्या बाजूला झुकू लागली. भाकरी थापणे सुटले. एकदा वेणी घालताना ती म्हणाली, "इतके डॉक्टर म्हनतात काही नाही. मंग मी ढोंग करून राह्यली का? मलेच आता समजत नाही." मी वहीतले आकडे वाचून दाखवले. शंभर मिनिटे, पंच्याण्णव, एकशे दहा. ती म्हणाली, "ते तुमी लिहिलेले हायेत." बोटांपेक्षा मला तेव्हा त्या वाक्याची जास्त भीती वाटली.

अकोल्याला सांधेदुखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत असे कळले. तीन तासांचा प्रवास. नेहमीच्या तयारीने गेलो. वही मागून घेणाऱ्या त्या पहिल्याच. पाने उलटत त्या एका ठिकाणी थांबल्या, मग दुसऱ्या.

"या सात दिवसांत काय झालं होतं? इथे वीस, पंचवीस, तीस मिनिटं. बाकी सगळीकडे नव्वदच्या वर."

मी म्हणालो, "ते दवाखान्यात जायचे दिवस होते."

"आणि आज?"

"पंचवीस."

"आज सकाळी काय घेतलं?"

मी चहा म्हणणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "पुडी घेतली न. ते यायनं लिहिलंच नाही."

खरे होते. अडीच वर्षांत एक दिवस न चुकता मी वही भरली, पण पुडीचा रकाना आखला नव्हता. ते कमी झालेले आकडे मीही पाहिले होते. दवाखान्याच्या दिवशी दुखणे लाजते, एवढाच अर्थ मी काढला होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पुडीत बहुतेक स्टेरॉइड असणार. त्याने सूज दिवस-दोन दिवस दबते, आतला आजार चालूच राहतो. वरून गरम पाणी, वरून दुपारची वेळ. "तुम्ही दर वेळी बरे केलेले हात दाखवायला नेता. पुढच्या आठवड्यात या. तोवर पुडी नाही. आदल्या दिवशी येऊन राहा आणि सकाळी उठल्या तशा आठ वाजता या. आंघोळ करायची नाही."

पुडी नाही हे तिने लगेच मान्य केले. आंघोळीचे मात्र तिने दोनदा विचारून घेतले.

पुढच्या आठवड्यात पुडीशिवाय अकोल्याला गेलो. दांडी धरता येईना, म्हणून वळणावर मी तिच्यापुढे हात आडवा धरायचो. तिच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला. सकाळी मावसबहीण न्हाणीघराच्या दारात उभी.

"पानी तापलं हाय, बाई. पारोशी जातं का दवाखान्यात?"

"डॉक्टरीणबाईनं तसंच बलावलं."

"असा कोनता डॉक्टर व माय? भाऊजी, तुमी तरी सांगा. लोकं म्हनतीन, बहिनीच्या घरी पानी नव्हतं काय."

मी घड्याळ दाखवले आणि रिक्षा बोलावली. बायकोने कालचीच साडी नेसली होती. वेणी घालू दिली नाही. उठल्या तशा या म्हटले म्हणजे तशाच. रिक्षात तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी तिचे हात हातात घेतले. एकेक सांधा दाबत गेल्या. ती ओठ मिटून बसली होती. "दुखलं तर सांगायचं," त्या म्हणाल्या, "इथे सोसल्याबद्दल शाबासकी नाही." पुढच्या सांध्याला ती ओरडली. त्यांनी मोठ्याने मोजले. सुजलेले सांधे चौदा भरले.

त्यांनी रक्ताच्या आणखी तपासण्या लिहिल्या, पण निकालासाठी थांबल्या नाहीत. "हा संधिवातच आहे. एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून तो नसतो असं नाही."

"म्हनजे मी ढोंग नव्हती करत," बायको म्हणाली.

"नाही. अजिबात नाही."

ती रडली, तेव्हा डोळे पुसायला तिला पदराचे टोक चिमटीत धरता येईना. ते मी पुसले.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली, दर काही दिवसांनी रक्त तपासणे आले. दहा आठवडे विशेष फरक नव्हता. मग नव्वदचे सत्तर झाले, चाळीस झाले, आणि सातव्या महिन्यात पंधरा. झुकलेली दोन बोटे तशीच राहिली. ती सरळ होणार नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. वर्षभर आधी आलो असतो तर, असे मी विचारले. "कदाचित," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा बाकावर तिच्या शेजारी एक बाई बसली होती. कडक इस्त्रीची साडी, हातात हिरव्या बांगड्या, नवरा फाइल सांभाळत उभा. पहिल्यांदाच आले होते. बायकोने तिच्याकडे जरा वेळ पाहिले.

"सकाळी मूठ मिटते का व?"

त्या बाईने आधी नवऱ्याकडे पाहिले. "मिटते ना. आता तं बरं हाय."

बायकोने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि बोटाच्या मुळाशी अंगठ्याने दाबले.

"दुखते?"

"नाही."

तिने पुन्हा दाबले, जरा जोरात, आणि हात सोडला नाही. बाईचे डोळे भरून आले.

"हाव," ती म्हणाली. "लय दुखते."